तळहातातली ऊब खरी, स्पर्शाविना ढकलणं नाही

प्रश्न: माझं वय ५४. गुडघे कुरकुरायला लागले, जिना उतरताना तोल जाईल अशी भीती वाटायला लागली, म्हणून दोन वर्षांपूर्वी ताई-ची या सावकाश हालचालींच्या चिनी व्यायामप्रकाराच्या वर्गाला जायला लागले. फरक पडला. जिन्याची भीती गेली, झोप सुधारली. आमचे सर शांतपणे, नीट शिकवतात. पण गेल्या महिन्यात त्यांच्या गुरूंचं शिबिर झालं. त्यांनी समोर ओळीने विद्यार्थी उभे केले आणि हात न लावता, नुसता तळवा पुढे करून त्यांना मागे उडवलं. मलाही उभं केलं. मला काहीच झालं नाही. सगळ्यांसमोर ते म्हणाले, ‘यांच्या ऊर्जेच्या मार्गात अडथळा आहे.’ तो काढायला वेगळी दीक्षा घ्यावी लागते आणि तिची फी बरीच आहे. माझ्यासोबत येणाऱ्या मैत्रिणीने ती घेतली. आता ऊर्जा खेळायला लागली म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या ती हळूहळू कमी करते आहे. घरी मुलगा इंजिनीअर आहे, तो म्हणतो सगळं थोतांड आहे, सोडून दे. पण सराव करताना माझे तळहात गरम होतात, बोटांना मुंग्या येतात, दोन तळव्यांमध्ये काहीतरी भरल्यासारखं वाटतं, ते मी कसं नाकारू? ही आतली ऊर्जा खरी की खोटी? माझ्यातच काही कमी आहे का? वर्ग सुरू ठेवू की सोडू?

उत्तर:

नमस्कार.

आधी मैत्रिणीच्या गोळ्यांचं बोलू. बाकीचं सगळं आठवडाभर थांबलं तरी चालेल, ते थांबणार नाही. वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा काहीच जाणवू देत नाही. त्यामुळे ‘हलकं वाटतंय’, ‘डोकं शांत झालंय’ यावरून तो उतरला असं धरता येत नाही, तो यंत्रावरच कळतो. शिवाय रक्तदाबाची काही औषधं मनाने एकदम बंद केली तर दाब उसळून पूर्वीपेक्षाही वर जातो. ताई-चीने रक्तदाब थोडा खाली येतो, हे खरं आहे. चीनमध्ये झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात रक्तदाब वाढण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या ३४२ जणांना दोन गटांत विभागलं होतं. एका गटाने वर्षभर ताई-ची केलं, दुसऱ्याने एरोबिक व्यायाम. वरचा आकडा ताई-चीच्या गटात सरासरी ७ ने उतरला, दुसऱ्या गटात साधारण साडेचारने. चांगलीच गोष्ट आहे. पण हे लोक उंबरठ्यावरचे होते, गोळ्या सुरू असलेले रुग्ण नव्हते. मैत्रिणीला सांगा, गोळी डॉक्टरांनी लिहून दिली होती तशी आजपासून घे, रोज सकाळ-संध्याकाळ घरी दाब मोजून वहीत लिही आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. किती कमी केल्या होत्या तेही त्यांच्यापासून लपवू नको. कमी करण्यासारख्या असतील तर तेच करतील.

आता तुमच्याबद्दल. तुमच्यात काहीही कमी नाही. त्या दिवशी त्या ओळीत जे व्हायला हवं होतं ते फक्त तुमच्या बाबतीत झालं: तुम्हाला कुणी स्पर्श केला नाही आणि तुम्ही जागच्या हलला नाहीत.

मग बाकीचे का उडाले? ते खोटारडे होते असं मला वाटत नाही, आणि तुम्हीही तसं समजू नका. जोडीच्या सरावात वर्षानुवर्षं एकच गोष्ट शिकवली जाते: समोरच्याचा जोर आला की विरोध करू नका, जाऊ द्या. शरीराला त्याची सवय लागते. पुढे गुरूंचा खांदा हलला, श्वास बदलला, नजर रोखली की तेवढ्या इशाऱ्यावर शरीर आधीच मागे जायला लागतं. आजूबाजूला पन्नास माणसं श्वास रोखून बघत असतात. आपल्या आधीचे तिघे उडालेले असतात. न उडणं म्हणजे गुरूंचा अपमान, शिवाय आपणच कच्चे ठरणार. आपण मनाने ठरवलं नसतानाही आपले स्नायू अपेक्षेप्रमाणे हालचाल करतात, हे मानसशास्त्राला दीडशे वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. प्लँचेटवरची वाटी अशीच सरकते, आणि वाटीवर बोट ठेवणाऱ्याला अगदी प्रामाणिकपणे वाटतं की मी ढकलली नाही.

एक गोष्ट बारकाईने बघायला सांगते. त्या शिबिराचं चित्रीकरण कुणाच्या फोनवर असेलच. ते अगदी सावकाश लावून बघा आणि चेहऱ्याऐवजी गुडघ्यांवर नजर ठेवा. ज्याला खरोखर ढकललं आहे त्याचं धड आधी मागे जातं, डोकं किंचित उशिरा जातं, टाचा जमिनीला चिकटून राहतात आणि मग पाय धडपडत धडाच्या मागे धावतात. जो स्वतः उडी मारतो त्याचे गुडघे उडण्याच्या क्षणभर आधी वाकतात, कारण वाकल्याशिवाय माणसाला उडी मारताच येत नाही. आणि तो उतरतोही दोन्ही पायांवर, बऱ्यापैकी सावरलेला. बाहेरच्या कुठल्याही ऊर्जेला समोरच्याचे गुडघे वाकवून त्याच्याच मांड्यांकडून उडी मारून घ्यायची गरज नसावी.

असे दावे शिष्यांच्या बाहेर तपासले गेले तेव्हा काय झालं, तेही सांगते. जपानमधले यानागी र्‍युकेन नावाचे वयस्क शिक्षक आपल्या शिष्यांना दुरूनच लोळवत असत. त्यांची पद्धत ताई-ची नव्हती, पण दावा हाच होता. २००६ मध्ये त्यांनी एका बाहेरच्या लढवय्याशी सामना लावला. त्याच्यावर काहीच परिणाम झाला नाही आणि त्यांनी बिचाऱ्यांनी मार खाल्ला. मला त्या प्रसंगात सगळ्यात जास्त जाणवतं ते हे, की त्यांचा स्वतःचा त्या शक्तीवर पूर्ण विश्वास असणार, नाहीतर त्या वयात कोण असा सामना लावेल? वर्षानुवर्षं शिष्य पडत राहिले आणि गुरूंनाही ते खरं वाटायला लागलं. म्हणून तुमच्या सरांचे गुरू जाणूनबुजून फसवतात असं मी म्हणणार नाही. ते फसवत नसले तरी तुम्ही पैसे मात्र देऊ नका. जी गोष्ट फक्त विश्वास असलेल्या माणसावर चालते आणि ज्याच्यावर चालत नाही त्याच्यातच दोष निघतो, ती कधीच चुकीची ठरू शकत नाही. आणि अशा गोष्टीची फी भरल्यावर तिचा उपयोग झाला नाही, हे सिद्ध करायची सोयही उरत नाही.

२०१७ मध्ये चीनमधल्या चेंगडू शहरात मिश्र मार्शल आर्ट्सचे शू श्याओडोंग आणि ताई-चीचे वेई लेई यांची लढत झाली. ती अर्ध्या मिनिटाच्या आतच आटोपली, ताई-चीवाले हरले. ‘ताई-ची निरुपयोगी’ म्हणून ती चित्रफीत तुमच्या मुलाने तुम्हाला दाखवली असेल किंवा दाखवेल. त्यातून सिद्ध होतं ते इतकंच, की जो माणूस खरा मार खाण्याचा आणि देण्याचा सराव करत नाही तो मारामारीत टिकत नाही. तुम्ही गुडघ्यांसाठी जाता. ती चित्रफीत तुमच्या कामाची नाही.

आता तळहातांकडे येऊ. तुम्ही विचारलंत, ‘मी कसं नाकारू?’ नाकारू नका. जाणवतं ते खरंच जाणवतं.

आपण सावकाश हलतो, श्वास लांबतो, खांदे खाली उतरतात, तेव्हा शरीराची सावध राहण्याची यंत्रणा सैल पडते. ही यंत्रणा ताणलेली असताना तळहात आणि बोटांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, म्हणूनच घाबरल्यावर हात गार पडतात. ती सैल पडली की वाहिन्या रुंदावतात, कोमट रक्त बोटांच्या टोकांपर्यंत येतं आणि त्वचेचं तापमान खरोखर वाढतं. ते थर्मामीटरवर दिसतं. बायोफीडबॅक पद्धतीत माणूस किती निवांत झाला आहे हे बोटाच्या तापमानावरूनच बघतात. जर्मन डॉक्टर योहानेस शुल्ट्झ यांनी १९३२ मध्ये एक विश्रांतीची पद्धत मांडली, तिच्यात ‘माझा हात जड होतोय’, ‘माझा हात गरम होतोय’ असं मनात म्हणायला शिकवतात, आणि हात गरम होतो. तिथे ‘ची’चं, म्हणजे चिनी परंपरा जिला आतली ऊर्जा म्हणते तिचं, नावही नाही.

मुंग्यांचं तसंच आहे. बोटांच्या टोकांत चेतातंतू दाटीने असतात आणि त्यांच्याकडून सतत काही ना काही येत असतं. एरवी मेंदू ते बाजूला सारतो. दहा मिनिटं सगळं लक्ष तिथेच ठेवलं की ते ऐकू यायला लागतं. आत्ता हे वाचता वाचता डाव्या पायाच्या अंगठ्याकडे लक्ष द्या, तोही जाणवायला लागेल. दोन तळव्यांमध्ये काही भरल्यासारखं वाटतं त्यात दोन्ही तळव्यांची एकमेकांना लागणारी ऊब असते, हात धरून ठेवताना होणारी बारीक थरथर असते आणि एकाग्र झालेलं लक्ष असतं. एवढं मात्र लक्षात ठेवा: ओठांभोवती मुंग्या येऊन चक्कर आल्यासारखं झालं तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त श्वास घेताय, तो लगेच साधा करा. आणि मुंग्या किंवा बधिरपणा सराव संपल्यावरही राहत असेल, रात्री झोपेतून जाग आणत असेल किंवा एकाच हाताला असेल, तर ती ऊर्जा समजून बसू नका. मान, मनगट, साखर, सगळं तपासून घ्या.

हे झालं स्वतःच्या हाताचं. दुसऱ्याची ऊर्जा हाताला जाणवते का, याची एक फार साधी आणि सुंदर तपासणी झालेली आहे, ती मी नेहमी सांगते. अमेरिकेत रुग्णाच्या अंगावरून हात फिरवून, स्पर्श न करता, त्याचं ऊर्जाक्षेत्र ठीक करण्याची एक पद्धत परिचारिकांमध्ये पसरली होती. एमिली रोझा नावाच्या ९ वर्षांच्या मुलीने शाळेतल्या विज्ञान प्रकल्पासाठी ती तपासायचं ठरवलं. मध्ये पुठ्ठ्याचा पडदा, त्याला खाली दोन भोकं. उपचार करणाऱ्याने दोन्ही हात भोकांतून पलीकडे ठेवायचे, तळवे वर. पलीकडे एमिली नाणं उडवून ठरवणार की आपला हात यांच्या उजव्या हातावर धरायचा की डाव्या, आणि काही सेंटिमीटर वर नुसता धरणार. उपचारकाने फक्त सांगायचं, हात कुठल्या बाजूला आहे. २१ उपचारकांनी मिळून २८० वेळा उत्तरं दिली, त्यातली ४४ टक्के बरोबर आली. नुसतं अंदाजाने सांगितलं असतं तरी ५० टक्क्यांच्या आसपास आली असती. १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात हा अभ्यास छापून आला. त्या माणसांना वर्षानुवर्षं काहीतरी जाणवत होतं हे खरंच आहे. फक्त जे जाणवत होतं ते समोरच्याकडून येत नव्हतं. तुम्ही आणि मैत्रीण हे घरी करून बघा. जुना पुठ्ठा आणि एक नाणं लागतं, आणि वीस-तीस वेळा तरी करायला हवं. चार वेळा बरोबर आलं की माणूस लगेच हुरळतो.

मग सर रोज ‘ऊर्जा पोटात खाली बसवा’, ‘बोटांतून बाहेर वाहू द्या’ म्हणतात, ते सगळं सोडून द्यायचं का? मुळीच नाही. तुमचा मुलगा चुकतो तो इथे.

गाणं शिकवणारे ‘सूर नाभीतून काढ’ म्हणतात. नाभीत स्वरयंत्र नाही, हे गुरूलाही ठाऊक असतं आणि शिष्यालाही. पण तसं मनात धरून गायलं की गळ्यावरचा ताण सुटतो, श्वास खाली उतरतो आणि आवाज मोकळा होतो. ‘ऊर्जा बेंबीखाली बसवा’ ही सूचना नेमकी तशी आहे. ती पाळताना पोट मऊ होतं, श्वास छातीतून खाली येतो, खांदे पडतात, कंबर मोकळी होते आणि वजन पावलांत उतरतं. हीच गोष्ट शरीरशास्त्राच्या भाषेत सांगायची तर आठ सूचना एकाच वेळी द्याव्या लागतील, आणि त्या पाळता पाळता माणूस लाकडासारखा ताठ होईल. हालचाल शिकण्यावर संशोधन करणाऱ्या गाब्रिएल वुल्फ यांनी अनेक प्रयोगांतून दाखवलं आहे की लक्ष स्वतःच्या स्नायूंवर ठेवण्यापेक्षा हालचालीच्या परिणामावर ठेवलं तर हालचाल जास्त सफाईदार होते. ज्यांनी ‘ची’ची भाषा घडवली त्यांच्याकडे चेतासंस्थेचे नकाशे नव्हते, पण शिकवण्याचा शेकडो वर्षांचा अनुभव होता. त्यांनी शोधलेली ही सूचना आजही काम करते. बिघडतं ते तिच्या आधारावर कुणी दुरून माणसं पाडायला, रोग घालवायला किंवा तुमच्यातला अडथळा मोजायला लागतो तेव्हा.

मुलाला एक गंमत दाखवा. तुमचं मनगट त्याच्या खांद्यावर ठेवा, तळवा वर, कोपराची घडी वरच्या बाजूला. त्याला सांगा, दोन्ही हात कोपराच्या घडीवर ठेवून हळूहळू खाली दाब आणि माझा हात दुमड. आधी मूठ घट्ट आवळून, सगळा जोर लावून विरोध करा. हात दुमडेल. मग मूठ सोडा, बोटं समोरच्या भिंतीच्या पार पलीकडे जाताहेत असं मनात धरा, खांदा सैल ठेवा. या वेळी त्याला जास्त झगडावं लागेल आणि तुम्हाला जोर लावल्यासारखं वाटणारही नाही. शिबिरांमध्ये हाच प्रयोग ‘आतल्या ऊर्जेचा पुरावा’ म्हणून दाखवतात. कारण असं आहे: मूठ आवळून ताठरलात की दंडाचे पुढचे आणि मागचे, दोन्ही स्नायू एकदम आवळतात. पुढचा स्नायू तर हात दुमडण्याचंच काम करतो, म्हणजे तुम्ही मुलाला मदत करत असता. सैल राहून बोटं लांबवली की मागचाच स्नायू मुख्यतः काम करतो. यात गूढ काही नाही. पण नको असलेला स्नायू सोडून देता येणं हे शिकावं लागतं, आणि ताई-चीत ज्याला मुरलेला माणूस म्हणतात त्याचं निम्मं कसब तेच असतं.

उरलेलं निम्मं स्पर्शात आहे. जोडीच्या सरावात, ज्याला आपण पुश हँड्स म्हणतो, चांगल्या शिक्षकासमोर उभं राहिलं की नेमकं काय होतं ते आठवून बघा. त्यांचा हात तुमच्या कोपराखाली अगदी हलका टेकलेला असतो. तुम्ही ढकलायला जाता आणि तिथे काहीच नसतं, तुम्ही पुढे झुकता. सावरायला म्हणून क्षणभर ताठरता, आणि तेवढ्यात तुमच्या ताठ हातातूनच त्यांचा धक्का थेट तुमच्या कमरेपर्यंत पोचतो, टाचा उचलल्या जातात. जोर कुठून आला ते कळतच नाही. तो जमिनीतून आला: मागचा पाय जमिनीला रेटतो, कंबर वळते, आणि मधला एकही सांधा त्या जोराला गळती लावत नाही. आणि तो अगदी त्या क्षणी आला जेव्हा तुमचं वजन तुमच्या पावलांच्या आधाराबाहेर गेलं होतं. त्या क्षणी लहान मूलही मोठ्या माणसाला पाडू शकतं. स्पर्शाला दिलेला प्रतिसाद डोळ्यांनी बघून दिलेल्या प्रतिसादापेक्षा थोडा लवकर येतो, म्हणून ते आधीच ओळखतात. हे अद्भुत वाटतं, आणि मला अजूनही वाटतं. पण हे नवख्या माणसावरही चालतं, विश्वास नसलेल्यावर चालतं, आणि यासाठी हात लावावा लागतो.

दीक्षेसोबत बहुधा ‘हजार वर्षांची गुप्त परंपरा’ही सांगितली असेल, म्हणून इतिहासाबद्दल थोडं. वुदांग पर्वतावरच्या झांग सानफेंग नावाच्या ताओपंथी सिद्धाने ही विद्या निर्माण केली अशी कथा आहे. कथा छान आहे. पण १९३० च्या दशकात तांग हाओ या चिनी इतिहासकाराने हेनान प्रांतातल्या चेनजियागोउ गावी जाऊन शोध घेतला, तेव्हा धागा पोचला तो १७ व्या शतकातल्या चेन वांगटिंग या लढवय्यापर्यंत. त्या घराण्याच्या कित्येक पवित्र्यांची नावं १६ व्या शतकातला सेनापती छी जिग्वांग याने सैनिकांसाठी लिहिलेल्या मुष्टियुद्धाच्या प्रकरणातही आहेत. म्हणजे मुळाशी सैनिकांची कसरत होती. श्वासाची, पोटाच्या केंद्राची, ताओ विचाराची भाषा तिच्यात मिसळत गेली. १९ व्या शतकात यांग लूचान ती चेनजियागोउहून बीजिंगला घेऊन गेले, आणि तुम्ही करता तो २४ हालचालींचा संच, बहुतेक वर्गांत तोच असतो, १९५६ मध्ये चीनच्या सरकारी क्रीडा आयोगाने सर्वांना जमावा म्हणून बसवला. १९८० च्या दशकात चीनमध्येच ‘बाहेर फेकलेल्या ची’चं प्रचंड वेड आलं होतं. मैदानं भरून लोक गुरूंसमोर बसायचे, दुरून रोग बरे केल्याचे दावे व्हायचे, आणि ह झुओश्यू यांच्यासारखे चिनी भौतिकशास्त्रज्ञ त्याविरुद्ध जाहीरपणे उभे राहिले. तेव्हा शंका घेतली म्हणजे परंपरेचा अनादर झाला, असं कुणी म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका.

ज्यासाठी तुम्ही वर्गाला गेलात त्याचा पुरावा बघा, तो खरंच भक्कम आहे. २०१२ मध्ये पार्किन्सन्सच्या १९५ रुग्णांवरचा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे ताई-ची करणाऱ्यांचा तोल नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा स्पष्ट सुधारला आणि ते कमी वेळा पडले. गुडघ्यांच्या संधिवाताच्या २०४ रुग्णांवरच्या २०१६ च्या अभ्यासात ताई-चीचा गुण फिजिओथेरपीच्या तोडीस तोड आला. वयस्क लोकांच्या पडण्यावरच्या २०१९ च्या कॉक्रन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालात, ताई-चीने पडण्याचं प्रमाण साधारण १९ टक्क्यांनी घटत असावं असा अंदाज आहे, पण तिथला पुरावा तितका पक्का नाही, असं तो आढावाच म्हणतो. यातल्या एकाही रुग्णाला दीक्षा दिलेली नव्हती. सावकाश एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन नेणं, मांड्या कामाला लावणं, लक्ष जागेवर ठेवणं, एवढ्यानेच ते झालं.

मात्र याच ताई-चीने गुडघे बिघडतातही, आणि तुमच्या बाबतीत मला अडथळ्यापेक्षा याची काळजी जास्त आहे. पायावर वजन असताना पाऊल जमिनीला रोवलेलं ठेवून शरीर वळवलं की सगळा पीळ गुडघ्यात जातो, आणि गुडघा पिळण्यासाठी बनलेलाच नाही. वळण कमरेतून आणि जांघेतून घ्या. पाऊल फिरवायचं असेल तर आधी त्यावरचं वजन उतरवा. पुढचा गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेतच राहू द्या, आत ढळू देऊ नका, बोटांच्या पुढे नेऊ नका. फार खाली बसायची तर अजिबात गरज नाही. शेजारचा किती खाली बसला ते बघू नका.

शिबिरांबद्दल आणखी एक. दिवसाचे अनेक तास सराव, कमी झोप, जोरजोरात श्वास आणि ‘ऊर्जा उसळेल’ ही अपेक्षा, हे सगळं एकत्र आलं की काहींच्या मनाचा तोल बिघडतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९९४ च्या निदान-पुस्तिकेत चीगोंगच्या, म्हणजे श्वास आणि ‘ची’वर भर देणाऱ्या चिनी साधनेच्या, अतिसरावानंतर येणाऱ्या अशा अवस्थेची वेगळी नोंद होती. कुणाला पूर्वी मानसिक आजार झालेला असेल तर अशा शिबिरापासून त्यांनी लांबच राहावं.

सरांना सोडू नका, पण त्यांच्याशी बोला. सगळ्यांसमोर नको, वर्ग संपल्यावर. सरळ म्हणा, ‘सर, तुमच्या शिकवण्याने माझे गुडघे सुधारले, मला तेच पुढे शिकायचंय. दीक्षा मला घ्यायची नाही. आणि शिबिरातला तो प्रयोग, ज्याला काय होणार हे माहीतच नाही अशा कुणावर करून दाखवता येईल का?’ सर चांगले असतील तर विचारात पडतील, कदाचित गुरूंविषयी बोलायला अवघडतील, पण तुमच्यावर रागावणार नाहीत. रागावले, किंवा ‘शंका हाच तुमचा अडथळा’ म्हणाले, तर दुसरा वर्ग शोधा. नवा शिक्षक निवडताना त्यांच्या गुरुपरंपरेपेक्षा हे बघा की ते प्रत्येकाच्या गुडघ्याकडे, पाठीकडे बघून चूक दुरुस्त करतात का, दुखतं म्हटल्यावर हालचाल बदलून देतात का, आणि कुठल्याही औषधाबद्दल ‘डॉक्टरांना विचारा’ म्हणतात का.

सराव करताना हात गरम झाले तर होऊ द्या, त्या उबेत मन रमत असेल तर रमू द्या. एखाद्या दिवशी झाले नाहीत तर त्या दिवशी काही चुकलं असंही नाही. प्रगती मोजायचीच असेल तर भिंतीच्या बाजूला, हात टेकता येईल अशा अंतरावर एका पायावर उभ्या राहा आणि किती सेकंद टिकता ते घड्याळात बघा. दोन्ही पायांचं वेगवेगळं, महिन्यातून एकदा, तारीख घालून लिहून ठेवा. एका पायाचा आकडा सारखा मागे राहत असेल तर त्या बाजूचं वजन नेणं सरांकडून पुन्हा तपासून घ्या.